घामाचा शोध

वसंत व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे चैत्र-वैशाखाचे दिवस. मंडपात येऊन बसलेला श्रोता कार्यक्रमपत्रिका हातात घेतो ती प्रथम वारा घालून घेण्यासाठी. विषय कोणता हे तो मागाहून पाहतो. आणि मध्यंतरात वक्त्याभोवती जमते त्याहून मोठी गर्दी कोपऱ्यातल्या माठाभोवती जमते. यात वक्त्याने वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. निदान आजचा विषय तरी त्या पत्रिकेच्या वाऱ्यात आणि त्या माठातच दडलेला आहे.

बाहेर पारा ४२ अंश सेल्सियसवर चढलेला असो, की पौषातल्या पहाटे ८ अंशांवर उतरलेला असो, निरोगी माणसाच्या देहाच्या अंतर्भागाचे उष्णतामान ३७ अंशांच्या आसपास राहते. पहाटे थोडे कमी, सायंकाळी थोडे अधिक, एवढाच काय तो फरक. ते ४० च्या वर गेले आणि तेथेच राहिले, तर माणूस बरळू लागतो, शुद्ध हरपते आणि वेळेवर उपाय न झाल्यास प्राण जातो. म्हणजे आपले सारे जीवन तीन-चार अंशांच्या अरुंद पट्टीवर उभे आहे. ही पट्टी देह कशी सांभाळतो हे समजण्यास माणसाला फार काळ लागला. मधल्या काळात मोठमोठे बुद्धिमान लोक या प्रश्नावर चुकले, आणि त्यांतली एक चूक तर अशी आहे की ती आम्ही आजही दर उन्हाळ्यात करीत असतो. तिचीच कथा येथे सांगावयाची आहे.

प्राचीन ग्रीकांची समजूत अशी होती की हृदय ही देहातली चूल, आणि श्वासाची हवा ती चूल निववण्यासाठी आत जाते. ॲरिस्टॉटल आणि पुढे गेलेन यांनी ही कल्पना मांडली व ती दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकली. आपल्याकडेही जठराग्नी आहेच. देहात अग्नी आहे हे सर्वांनाच जाणवले होते. तो किती आहे हे मात्र कोणी मोजले नव्हते. मोजण्याचा उद्योग आरंभिला तो इटलीतील पादुआ येथील वैद्य सांतोरिओ याने. त्याने हवेच्या प्रसरणावर चालणाऱ्या काचेच्या नळीला अंशांच्या खुणा केल्या आणि तिचा फुगा रोग्याच्या तोंडात धरून ताप पाहण्याचा प्रयत्न केला. त्याचा दुसरा उद्योग अधिक गमतीचा होता. त्याने एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि वर्षानुवर्षे तीत बसून स्वतःचे वजन केले. जेवणाचे, पाण्याचे, मलमूत्राचे वजन वेगळे केले. हिशेब काही जुळेना! दिवसात ८ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यांतले सुमारे ५ पौंड डोळ्यांना न दिसता कोठेतरी नाहीसे होई. हे त्वचेतून व श्वासातून अदृश्य वाफेच्या रूपाने जाते असे त्याने १६१४ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात सांगितले. पाच पौंड पाणी देहातून उडून जाते हे त्याने मोजले. ते जाताना सोबत काय घेऊन जाते, हा प्रश्न त्याच्या तराजूच्या आवाक्याबाहेरचा होता.

पुढे अठराव्या शतकात हॉलंडमधील लायडनचा विख्यात वैद्य बोअरहाव्हे याने असा निर्णय देऊन टाकला की देहाहून अधिक उष्ण हवेत कोणताही श्वास घेणारा प्राणी जगू शकणार नाही. चूल निववणारी हवाच चुलीहून तापलेली असेल तर चूल निवणार कशी, हा त्याचा तर्क. त्याच्या सांगण्यावरून पाऱ्याच्या उष्णतामापकाचा कर्ता फॅरनहाइट याने साखर वाळवण्याच्या एका तापलेल्या कोठारात कुत्रा, मांजर व चिमणी ठेवून पाहिली. हवा १४६ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने ६३ अंश सेल्सियस होती. तिन्ही प्राणी मेले आणि सिद्धान्त सिद्ध झाला. नागपूर-अकोल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला कोणी विचारले असते, तर सिद्धान्त खोटा आहे हे त्याने तेथल्या तेथे सांगितले असते. पण लायडनमध्ये वैशाख नव्हता.

वैशाख भेटला तो अमेरिकेत. जॉर्जिया या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर हेन्री एलिस याने १७५८ मध्ये सव्हाना गावातून लिहिलेले एक पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीने छापले. हा गृहस्थ छत्रीच्या काडीला उष्णतामापक टांगून, तो नाकासमोर येईल अशा बेताने, भर दुपारी हिंडत असे. हवेचे उष्णतामान भरले १०५ अंश फॅरनहाइट. आणि तोच उष्णतामापक स्वतःच्या अंगाला लावला तर पारा ९७ च्या वर जाईना. गव्हर्नरसाहेब हवेपेक्षा ८ अंशांनी थंड होते आणि जिवंत होते.

त्याच वर्षी बेंजामिन फ्रँक्लिन याने एका मित्राला पत्र लिहून याचे कारणही सांगून टाकले. आम्हांस वाटते, या विषयावरचे पहिले खरे शहाणपण याच पत्रात आहे. फ्रँक्लिन इंग्लंडातील केंब्रिज येथे गेला असता रसायनशास्त्राचे अध्यापक हॅडली यांच्यासह त्याने एक प्रयोग केला. उष्णतामापकाचा फुगा ईथरने भिजवावयाचा आणि भात्याने वारा घालून ते ईथर उडवावयाचे. पुन्हा भिजवावयाचा, पुन्हा उडवावयाचे. खोलीत ६५ अंश फॅरनहाइट असताना पारा उतरत उतरत ७ अंशांवर आला आणि फुग्यावर बर्फ साचले. द्रव पदार्थ उडून जाताना उष्णता घेऊन जातो हे उघड झाले. त्यावरून फ्रँक्लिनला फिलाडेल्फियातली १७५० सालच्या जूनमधील एक दुपार आठवली. पारा सावलीत १०० वर होता. खुर्ची, मेज, पेटीतला कोरडा सदरा, सारे हाताला तापलेले लागत होते, आणि घामाने भिजलेला तो स्वतः मात्र त्यांच्याइतका तापला नव्हता. त्याने पेनसिल्व्हेनियातील कापणी करणाऱ्या मजुरांचेही उदाहरण दिले. ते कडक उन्हात दिवसभर राबतात, पाणी पितात, घाम गाळतात आणि धडधाकट राहतात. पण घाम थांबला की कोसळतात, कधी मरतातही. घाम थांबणे हे मरणाचे लक्षण आहे ही गोष्ट फ्रँक्लिनला पुस्तकात सापडली नाही, शेतात सापडली.

आता लंडनकडे वळू. १७७४ सालच्या जानेवारीत, बाहेर कडाक्याची थंडी असता, डॉक्टर जॉर्ज फॉर्डाइस यांनी तापवलेल्या खोल्यांत काही मंडळींना बोलावले. चार्ल्स ब्लॅग्डन हे वैद्य, कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले जोसेफ बँक्स व सोलँडर, आणि आदल्याच वर्षी उत्तर ध्रुवाच्या बर्फापर्यंत जाऊन आलेले कॅप्टन फिप्स. बर्फातून परतलेला माणूस सहा महिन्यांच्या आत भट्टीत शिरतो, ही विद्येची हौस म्हणावी की दुसरे काही, ते श्रोत्यांनीच ठरवावे. पहिल्या दिवशी खोली इतकी तापली की बँक्स एकटे आत गेले तेव्हा पारा २११ अंश फॅरनहाइटवर होता. पाणी उकळते २१२ वर. एप्रिलमधल्या पुढच्या प्रयोगात ब्लॅग्डन २६० अंशांत, म्हणजे जवळजवळ १२७ अंश सेल्सियसमध्ये, आठ मिनिटे उभे राहिले.

त्यांनी लिहून ठेवलेले बारकावे वाचण्यासारखे आहेत. घड्याळाची साखळी हात लावू देईना. आपल्याच बोटांवर फुंकर घातली तर ती गार लागे. उष्णतामापकावर श्वास सोडला की पारा खाली उतरे. स्वतःच्या कुशीला हात लावला तर ती प्रेतासारखी थंड वाटे, कारण हात तापलेल्या हवेतला होता; जिभेखालचा पारा मात्र नेहमीच्याच अंशांजवळ. एका टोपलीत कुत्री बसवून तीही आत नेली. टोपली एवढ्यासाठी की तापलेल्या जमिनीने तिचे पाय भाजू नयेत. ती अर्ध्या तासानंतर धापा टाकीत, पण सुखरूप बाहेर आली. शेजारी पत्र्याच्या चौकटीवर ठेवलेली अंडी वीस मिनिटांत घट्ट शिजली. मांसाचा तुकडा पाऊण तासात शिजून वाळून गेला आणि दुसऱ्या तुकड्यावर भात्याने वारा घातला तेव्हा तो तेरा मिनिटांतच तयार झाला. एकाच खोलीत, एकाच हवेत मेलेले मांस शिजत होते आणि जिवंत मांस टिपणे लिहीत होते!

याहूनही मोलाचा प्रयोग पाण्याच्या भांड्यांचा होता. उघड्या भांड्यातले पाणी त्या हवेत कितीही वेळ ठेवले तरी उकळेना; वर तेलाचा पातळ थर दिला, वाफ अडली, आणि पाणी खळखळा उकळू लागले. माठाचे सारे शास्त्र या एका प्रयोगात आहे. कोऱ्या माठातले पाणी गार होते ते झिरपलेले थेंब उडून जातात म्हणून. माठाला बाहेरून तेलकट रंग दिला तर तो माठ राहत नाही, नुसते भांडे होते.

इतके हाती आल्यावर या मंडळींनी फ्रँक्लिनच्या निष्कर्षाशी थांबावयास हवे होते. त्यांना घामाचे महत्त्व मान्य होतेही. परंतु फॉर्डाइस यांनी मध्येच एक शंका काढली. त्यांनी खोलीत उकळते पाणी ओतून ती वाफेने भरली व तशा दमट हवेत सुमारे १३० अंश फॅरनहाइटमध्ये पंधरा मिनिटे काढली. अंगावरून पाण्याचे ओघळ वाहू लागले. हा घाम की बाहेरची वाफ, हे पाहण्यासाठी देहाइतक्याच गरम पाण्याने भरलेली एक काचेची कुपी तेथे ठेवली. तिच्यावरूनही तसेच ओघळ वाहिले. म्हणजे हवेतली वाफच अंगावर जमत होती, अंगावरचे काही उडून जात नव्हते. तरीही जिभेखालचा पारा १०० अंशांवर, नेहमीपेक्षा फक्त दीड-दोन अंश वर, थांबलेला. मग देहाला थंड ठेवले कोणी? मंडळींनी निष्कर्ष काढला की जीवनशक्तीमध्येच उष्णता नाहीशी करण्याचा काही स्वतंत्र गुण असला पाहिजे.

येथेच ती चूक झाली, आणि ती घड्याळाची चूक होती. माणसाचा देह हे मुख्यतः पाण्याचे मोठे भांडे आहे. ते तापावयास वेळ लागतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाचे उष्णतामान एक अंश सेल्सियसने वाढवण्यास साठाच्या आसपास किलोकॅलरी लागतात. नुसते बसून राहिले तरी देह ताशी सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. ती बाहेर पडली नाही, तर तासाला अंशाहून थोडा अधिक ताप चढत जाईल. दमट खोलीत बाहेरचीही उष्णता आत शिरत होती. फॉर्डाइस यांची त्वचा लाल झाली होती, शिरा फुगल्या होत्या, नाडी जवळजवळ दुपटीने धावत होती. ते जिंकत नव्हते, हरत होते. पंधरा मिनिटांनी बाहेर आले म्हणून वाचले. आणखी तासभर थांबले असते तर त्यांच्या जीवनशक्तीचा निकाल त्यांच्या मित्रांनाच छापावा लागला असता. कोरड्या खोलीतला १२७ अंशांचा विजय आणि दमट खोलीतली ५४ अंशांची माघार, या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवून त्यांनी पाहिल्या नाहीत.

देहात उष्णता येते कोठून, हा प्रश्न पॅरिसमध्ये सुटला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हॉझिए व लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनिपिग ठेवला. दहा तासांत त्याच्या उष्णतेने सुमारे १३ औंस बर्फ वितळले. तितका प्राणवायू वापरून कोळसा जाळला असता वितळते त्याच्याशी हा आकडा बराच जुळला. श्वसन हे मंद ज्वलन होय असे ठरले, आणि हवेला पंख्याचे काम देणारी जुनी कल्पना इतिहासजमा झाली. तीच हवा आता सरपणाच्या बाजूला गेली. पुढे सेगँ याच्यासह लाव्हॉझिएने असेही लिहिले की श्वसन उष्णता देते, घाम ती नेतो आणि पचन खर्च भरून काढते. १७९४ च्या मे महिन्यात क्रांतिकारकांनी त्याचा शिरच्छेद केला, नाहीतर उरलेला हिशेबही त्यानेच पुरा केला असता असे म्हणावयास जागा आहे.

उरला होता प्रश्न नियंत्रणाचा. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१-५२ च्या सुमारास सशाच्या मानेतील एक मज्जातंतू कापला. त्याची अपेक्षा होती की त्या बाजूचा कान थंड पडेल. झाले उलटेच. कान लाल झाला, रक्तवाहिन्या फुगल्या आणि तो दुसऱ्या कानाहून उष्ण लागू लागला. त्वचेकडे जाणाऱ्या रक्ताच्या नळ्या मज्जातंतू आवळून धरतात आणि सैल सोडतात, हे त्यावरून कळले. उन्हात चेहरा लाल होतो आणि थंडीत बोटे पांढरी पडतात त्याचे हेच कारण. पुढे १८८५ मध्ये आरोन्सोन व झाक्स यांनी बर्लिनमध्ये सशाच्या मेंदूत खोल सुई टोचून त्याला ताप आणून दाखवला, आणि १९१२ मध्ये बार्बर याने मेंदूत बारीक नळी घालून तिच्यातून गरम पाणी सोडले तर देह थंड होतो व गार पाणी सोडले तर देह तापतो, हे सिद्ध केले. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागाकडे ही राखण आहे. १९३० नंतरच्या दशकात रॅन्सन व मॅगून यांच्या प्रयोगांनी ती जागा पक्की केली.

यावरून ताप आणि उष्माघात यांतील भेद स्पष्ट होतो, आणि तो सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे. हिवतापात किंवा फ्ल्यूमध्ये राखणदारच ठरवतो की आता घर ३७ ऐवजी ३९ अंशांवर ठेवावयाचे. म्हणून अंग तापलेले असतानाही रोग्याला थंडी वाजते, तो गोधडी मागतो. पॅरासिटॅमॉल राखणदाराचा हा हुकूम मागे घ्यावयास लावते. उष्माघातात राखणदार ३७ अंशांसाठीच झटत असतो, पण उष्णता बाहेर टाकण्याची सारी दारे बंद झालेली असतात. तेथे ती गोळी देऊन काहीही उपयोग नाही. तेथे माणसाला सावलीत नेऊन थंड पाण्यात बुडवणे, ते शक्य नसेल तर कपडे भिजवून जोराचा वारा घालणे, हाच उपाय. आणि तो दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबवून ठेवावयाचा नाही.

ही दारे कोणती? हवा त्वचेहून थंड असेल तर देहाची उष्णता तिच्याकडे आपोआप जाते. त्वचा सुमारे ३५ अंशांवर असते. हवा त्याच्या वर गेली की हे दार बंद होते, किंबहुना उलटे उघडते. मग उरतो एकटा घाम. माणसाच्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी आहेत. एक लिटर घाम उडून गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो, आणि सराव असलेला मजूर तासाला एक लिटरहून अधिक घाम गाळू शकतो. अट एकच : घाम उडाला पाहिजे. जो घाम गळून जमिनीवर पडला किंवा सदऱ्यातून निथळला त्याने देहाचे पाणी व मीठ नेले, उष्णता नेली नाही.

हे सत्य आकड्यात बांधले ते स्कॉटलंडचे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. खाणीत, बोगद्यात, विषारी वायूत स्वतः शिरून स्वतःवरच प्रयोग करणारा हा माणूस. इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील डॉलकोथ येथील कथलाच्या खोल खाणीत ते उतरले, तापवलेल्या खोल्यांत बसले, आणि १९०५ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष छापला. नुसता उष्णतामापक काय दाखवतो याला फारसे महत्त्व नाही. उष्णतामापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि मग तो काय दाखवतो ते पाहा. हवा कोरडी असेल तर फडक्यातले पाणी झपाट्याने उडते व पारा पुष्कळ उतरतो. हवा दमट असेल तर थोडाच उतरतो. हा ओला पारा स्तब्ध हवेत ३१ अंश सेल्सियसच्या वर गेला की उघड्या अंगाने निवांत बसलेल्या माणसालाही ताप चढू लागतो. कष्ट करणाऱ्याला तर २५-२६ अंशांनंतरच. फॉर्डाइस यांची शंका एकशे तीस वर्षांनी एका ओल्या फडक्याने मिटवली.

आता आपल्याकडे पाहू. नागपुरास मे महिन्यात पारा ४५ वर गेला आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असली, तर ओला पारा २४ च्या आसपास येतो. कोकणपट्टीत पारा ३८ असून आर्द्रता ५० टक्के असली, तर ओला पारा २९ वर जातो. वर्तमानपत्रात ४५ चा आकडा ठळक छापला जातो आणि ३८ चा आतल्या पानात. विदर्भात वाळ्याचे पडदे आणि कूलर उत्तम चालतात, मुंबईत ते चालत नाहीत, हे आपण व्यवहारात जाणतो. पण तोच न्याय आपल्या अंगालाही लागू आहे हे विसरतो. विदर्भातला माणूस डोक्याकानांना रुमाल गुंडाळून हिंडतो ते शहाणपणाचे आहे, कारण तापलेली झळ त्वचेला थेट लागत नाही आणि घाम फडक्याखाली उडत राहतो. खिशातला कांदा मात्र घामाचे काम करीत नाही; तो भाकरीबरोबर खावा.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे राज्य शासनाच्या एका पुरस्कार-समारंभासाठी लाखो माणसे उघड्या मैदानात सकाळपासून बसली होती. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात तो आकडा कोणी उन्हाळाही म्हणणार नाही. त्या दिवशीच्या उन्हाने १४ माणसांचे प्राण घेतले. डोक्यावर छप्पर नाही, दाटीमुळे वारा नाही, समुद्राकाठची दमट हवा, आणि ऊन अंगावर सरळ. ओला पारा सावलीत मोजतात, उन्हाची भर त्यावर आणखी पडते. अशा वेळी देह त्वचेकडे रक्त लोटतो. हृदयाला मिनिटाला कित्येक लिटर जादा रक्त ढकलावे लागते, आणि तेही घामाने पाणी आटलेल्या स्थितीत. म्हणून अशा दिवशी वृद्ध आणि हृदयाचे दुखणे असलेली माणसे आधी पडतात. थंड प्रदेशातून नुकताच आलेला मजूरही असाच पडतो, कारण घामाच्या ग्रंथींना उन्हाचा सराव होण्यास दहा-पंधरा दिवस लागतात.

२०१० मध्ये शेरवुड व ह्यूबर या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले की ओला पारा ३५ अंशांवर सहा तास राहिला तर सावलीत, वाऱ्यात, हवे तितके पाणी पिऊनही धडधाकट माणूस जगू शकणार नाही. हा ३५ चा आकडा सर्वत्र गाजला आणि तो अजून दूर आहे म्हणून अनेकांना धीर आला. २०२२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांना बंद खोलीत हलकी हालचाल करावयास लावून पाहिले. दमट हवेत ३०-३१ अंशांच्या ओल्या पाऱ्यालाच त्यांचा ताप चढू लागला. फार उष्ण व कोरड्या हवेत तर त्याहूनही आधी, कारण तेथे घाम उडतो खरा, पण लागेल तितका निर्माणच होत नाही. म्हणजे नागपूरकरांनीही निर्धास्त राहावे असे नाही. कॉर्नवॉलच्या खाणीत उतरून आलेल्या हॉल्डेनचा आकडा ३१ होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाची वाट पाहणाऱ्या मुंबईत, दुपारी पारा ३३ वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांवर असते तेव्हा ओला पारा २८ अंशांवर असतो.